कोतवाल बुकातला मृत्यूचा रकाना

सप्टेंबर २०२३ मध्ये मराठा-कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातल्या तहसील कचेऱ्या, भूमी अभिलेख कार्यालये आणि जुन्या शाळांच्या कपाटांतली बासने कित्येक वर्षांनी सुटली. खासरा पत्रक, पाहणी पत्रक, कूळ नोंदवही, शाळेचे दाखल-खारीज, १९५१ चे नागरिक रजिस्टर, आणि सरकारी भाषेत ज्याला गाव नमुना १४ व खेड्यात कोतवाल बुक म्हणतात ते जन्म-मृत्यूचे पुस्तक, असे सगळे कागद बाहेर आले. उर्दू आणि मोडी वाचणारे शोधून आणावे लागले. पुढे २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने तर हैदराबाद गॅझेटियर हे नाव पारावर आणि चहाच्या टपरीवर पोचवले. या साऱ्या खटाटोपात बोट फिरत होते ते एकाच रकान्यावरून, जातीच्या. त्या शोधाचे बरेवाईट ठरवण्याची ही जागा नव्हे. पण कोतवाल बुक हे मुळात जन्माचे आणि मरणाचे पुस्तक आहे. कोण मेले, कधी मेले, किती वर्षांचे होते आणि कशाने मेले, हे टिपण्यासाठी ते ठेवले जाई. पटकी, प्लेग, देवी आणि १९१८ ची मानमोडी, म्हणजे इन्फ्लुएंझा, यांनी नांदेड आणि लातूरकडे काय केले हे ज्याला जाणून घ्यायचे असेल त्याने याच पानांचा पुढचा रकाना वाचायला हवा. हा इतिहास लिहिता येईल इतका ऐवज आपल्या जिल्ह्यांत आणि आपल्या जुन्या राजधानीत, हैदराबादेत, आहे. तो नाहीच असे आपण धरून चाललो, कारण साथींचा इतिहास आपण पुण्याहून उसना आणला.

साथ म्हटले की शिकलेल्या मराठी माणसाला आठवतो तो १८९७ चा प्लेग. प्लेग अधिकारी रँड, गणेशखिंडीत त्याला मारणारे चापेकर बंधू, टिळकांवरचा राजद्रोहाचा खटला, आणि रुग्णांची शुश्रूषा करता करता १० मार्च १८९७ ला सावित्रीबाई फुल्यांना आलेला मृत्यू. त्याच्या मागे मुंबईचा मांडवी भाग, सप्टेंबर १८९६ मध्ये तिथला गाठीचा प्लेग ओळखणारे डॉ. अकासिओ व्हिएगस, आणि जानेवारी १८९७ मध्ये स्वतःच्याच अंगात लस टोचून घेणारे हाफकीन. हे सगळे घडले ते ब्रिटिश हद्दीत. मुंबई इलाख्यात प्लेग अधिकारी होते, त्यांचे छापील अहवाल होते, झडत्यांचे आणि प्लेगच्या इस्पितळांचे फोटो काढणारे कॅमेरे होते, ‘केसरी’ होता आणि सरकारवर चिडलेला वाचकवर्ग होता. नांदेड तेव्हा निजामाच्या राज्यातला जिल्हा, आणि लातूर ही उस्मानाबाद जिल्ह्याच्या औसा तालुक्यातली एक व्यापारी पेठ. ४ फेब्रुवारी १८९७ चा साथरोग कायदा ब्रिटिश हिंदुस्थानासाठी होता. इथे रँड नव्हता, म्हणून चापेकर झाले नाहीत, आणि म्हणून शाळेच्या पुस्तकात धडा आला नाही. वैद्यकाच्या जागतिक इतिहासात निजामाच्या मुलखाचे नाव येते ते बहुधा एका दिवसापुरते: २० ऑगस्ट १८९७, ज्या दिवशी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉसने डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू पाहिला. त्याच वर्षी त्याच राज्याच्या पश्चिम सरहद्दीपलीकडे प्लेग येऊन ठेपला होता. पण तो टिपायला तिथे कोणी रॉस बसलेला नव्हता. कोठे किती माणसे मेली यापेक्षा कोठे किती कागद झाले यावरून साथीचे मोठेपण ठरत आले आहे, आणि मराठवाड्याची शांतता ही त्या हिशेबाची शांतता आहे.

मग सुरुवात कशापासून करायची? सर्वांत सोपे आणि सर्वांना मिळणारे साधन म्हणजे शिरगणती. निजाम सरकार १८८१ पासून दर दहा वर्षांनी शिरगणती करीत असे आणि तिचे खंड इंग्रजीत छापले जात. मिर्झा मेहदी खान यांनी १८९१ आणि १९०१ चे खंड तयार केले. आज हे खंड घरबसल्या संगणकावर वाचता येतात. त्यांतले आणि १९०९ च्या सुमारास निघालेल्या इम्पीरियल गॅझेटियरमधले आकडे शेजारी ठेवले तर पहिला धक्का तिथेच बसतो. नांदेड जिल्ह्याची लोकसंख्या १८९१ मध्ये ६,३२,५२९ होती. १९०१ मध्ये ती ५,०३,६८४ भरली. उस्मानाबाद ६,४९,२७२ वरून ५,३५,०२७ वर आला. म्हणजे नांदेडात पाचातला एक माणूस हिशेबातून गेला आणि उस्मानाबादेत जवळजवळ सहातला एक. याच काळात संपूर्ण हैदराबाद राज्याची घट मात्र साडेतीन टक्क्यांच्याही आत होती. राज्याची निव्वळ घट चार लाखांच्या आत, आणि या दोनच जिल्ह्यांची मिळून २ लाख ४३ हजार. एवढी मोठी गोष्ट घडली आणि तिचे नाव आपल्याला ठाऊक नाही.

पण इथेच घाई करणाऱ्याचा पाय घसरतो. हा आकडा पाहून कोणी म्हणेल, हा प्लेगचा घाला. तसे म्हणता येत नाही. त्या दशकात १८९६–९७ चा दुष्काळ झाला आणि त्यानंतर १८९९–१९०० चा, ज्याला लोक छप्पन्नचा दुष्काळ म्हणतात तो. गॅझेटियरने घटीचा दोष दुष्काळावरच ठेवला आहे. दुष्काळात माणूस उपाशी मरतो त्याहून अधिक तो उपासाने खंगलेल्या शरीरात शिरलेल्या रोगाने मरतो. आटलेल्या विहिरी आणि डबक्यांच्या पाण्यातून पटकी पसरते, आणि कामाच्या शोधात निघालेली माणसे ती बरोबर नेतात. शिवाय जो जिल्ह्यातून उठून गेला तोही शिरगणतीत मेल्यासारखाच दिसतो. तेव्हा नांदेडच्या सव्वा लाखाच्या खड्ड्यात किती भाग भुकेचा, किती पटकीचा, किती प्लेगचा आणि किती स्थलांतराचा, हे शिरगणती एकटी सांगू शकत नाही. तिने खड्डा दाखवला. तो कशाने पडला हे महिन्यामहिन्याच्या आणि गावागावाच्या कागदांतूनच काढावे लागते. स्थानिक साधनांची गरज लागते ती इथे.

१९११ ते १९२१ या दशकाची गोष्ट जरा स्पष्ट आहे. त्याआधीच्या दहा वर्षांत हैदराबाद राज्य वीस टक्क्यांनी वाढले होते. १९११ ला लोकसंख्या १,३३,७४,६७६ होती. १९२१ ला ती १,२४,७१,७७० झाली. नऊ लाखांची घट. यात १९१८ च्या इन्फ्लुएंझाचा वाटा मोठा. मे-जूनमध्ये तो मुंबई बंदरात उतरला, पहिली लाट सौम्य गेली, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात दुसरी आली ती जीवघेणी. हिंदुस्थानात किती दगावले याचे अंदाज सव्वा कोटीपासून जवळजवळ दोन कोटींपर्यंत जातात. त्याच वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता. आता जो अभ्यासक निजामाच्या वार्षिक कारभार अहवालांत या साथीचा शिखरबिंदू शोधायला जाईल त्याला एक विचित्र अडचण येईल. निजामाचे सरकारी वर्ष फसली. ते ६ ऑक्टोबरच्या सुमारास, आजूर महिन्याने सुरू होई. फसली सनात ५९० मिळवले की आरंभाचे इसवी सन मिळते. म्हणजे १३२८ फसली सुरू झाले ते ऑक्टोबर १९१८ मध्ये, साथ अगदी भरात असताना. वार्षिक बेरजेत ही एकच साथ दोन वर्षांत कापली जाते. सप्टेंबरचे मृत्यू १३२७ मध्ये आणि ऑक्टोबरचे बहुतेक १३२८ मध्ये. दोन्ही वर्षे बेताची वाईट दिसतात आणि शिखर हरवते. मुंबईच्या तक्त्यांशी हे तक्ते थेट ताडून ‘मराठवाड्यात साथ तितकी नव्हती’ असा निष्कर्ष काढणे किती सोपे आणि किती चूक आहे, हे यावरून कळावे. कॅलेंडरची ही गोष्ट बारीक आहे खरी, पण इतिहासातले बरेच मोठे गैरसमज अशाच बारीक फटीतून शिरतात.

दुसरी अडचण नकाशाची. आजचा लातूर जिल्हा ऑगस्ट १९८२ मध्ये जन्मला. त्याआधी तो उस्मानाबादचा भाग होता, आणि १९५६ च्या राज्य पुनर्रचनेआधी उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके बिदर जिल्ह्यात होते. नांदेडचेही तसेच: किनवट १९५६ मध्ये आदिलाबादेतून इकडे आला, आणि मुधोळ तिकडे गेला. म्हणून उदगीरच्या प्लेगचा माग बिदरच्या कागदांत लागेल, किनवटकडल्या माहूरच्या यात्रेतली पटकी आदिलाबादच्या दप्तरात असेल, आणि ‘नांदेड जिल्हा’ असे लेबल लावलेल्या गठ्ठ्यात आज तेलंगणात असलेली गावे निघतील. वर दिलेला नांदेडचा ६,३२,५२९ हा आकडासुद्धा आजच्या नांदेडचा नाही. जिल्ह्याच्या नावावर विसंबू नये, तालुका आणि गाव धरून चालावे. कागद ठेवलेत कुठे याचाही एक नकाशा मनात हवा. निजामाच्या दिवाणी कारभाराचा मुख्य साठा हैदराबादला तारनाक्याच्या राज्य अभिलेखागारात आहे. त्यातला काही भाग आणि मराठवाड्याचे इतर दप्तर पुराभिलेख संचालनालयाच्या छत्रपती संभाजीनगरच्या कार्यालयात मिळते. इंग्रज रेसिडेंटाचा पत्रव्यवहार दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे, आणि त्याची सूची ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर शोधता येते. ब्रिटिश हिंदुस्थानचे आरोग्यविषयक अहवाल स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने स्कॅन करून सर्वांसाठी खुले केले आहेत. लातूरसाठी आणखी एक वाट आहे, तिच्याकडे फारसे कोणी वळत नाही: बार्शी. बार्शी सोलापूर जिल्ह्यात, म्हणजे ब्रिटिश हद्दीत. लातूरचा धान्य आणि सरकीचा व्यापार बार्शीमार्गेच चाले. बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये बार्शीपर्यंत आली आणि १९११ मध्ये लातूरपर्यंत. प्लेग पसरतो तो उंदरांवरच्या पिसवांनी, आणि उंदीर प्रवास करतो धान्याच्या पोत्यांबरोबर. तेव्हा १९११ च्या आधी बैलगाडीच्या वाटेने आलेला प्लेग आणि १९११ नंतर गाडीने आलेला प्लेग यांच्या वेगात फरक पडला का, हा तपासून पाहण्यासारखा प्रश्न आहे. आणि त्याचा अर्धा पुरावा मुंबई इलाख्याच्या छापील कागदांत आहे.

आता गावच्या कागदांकडे वळू. पहिला आक्षेप इथेच येतो आणि तो वजनदार आहे. नोंद करणारा गावचा पोलीस पाटील काही डॉक्टर नव्हता. त्याने मृत्यूचे कारण म्हणून सरसकट ‘ताप’ लिहिले असणार. कित्येक मरणे नोंदलीच गेली नसतील, लहान मुलांची आणि बायकांची तर हमखास. शिवाय प्रत्येक गावी ही पुस्तके कधीपासून टिकली आहेत ते वेगवेगळे. वाळवीने आणि ओलीने आपला वाटा आधीच घेतलेला असतो. असल्या कागदावरून साथीचा इतिहास कसा लिहायचा? उत्तर असे की कारणाच्या रकान्यावर विश्वास ठेवायचाच नाही, किंवा अगदी शेवटी ठेवायचा. तारीख, वय आणि स्त्री-पुरुष हे तीन रकाने त्याहून खूप भरवशाचे असतात. प्रत्येक रोगाला आपला हंगाम असतो. दख्खनच्या पठारावर प्लेग पावसाळा सरताना डोके वर काढी, हिवाळ्यात जोर धरी आणि उन्हाळ्याच्या कोरड्या तापात ओसरे, कारण त्या उष्ण कोरड्या हवेत पिसवा तग धरत नाहीत. पटकीचा भर उन्हाळा आणि पावसाळ्याच्या तोंडाला. ती एखाद्या गावात दोन-तीन आठवडे थैमान घालून पुढे सरके. हिवताप पावसानंतर लांबत जाई. देवी मुलांना गाठी. आणि १९१८ च्या इन्फ्लुएंझाची खूण तर अगदी उघड आहे: एरवी जी माणसे मरत नाहीत ती, वीस ते चाळीस वयाची धडधाकट माणसे, आणि त्यांतही बायका अधिक, थोड्याच आठवड्यांत गेलेली दिसतात. म्हणून पाटलाने पन्नास वेळा ‘ताप’ लिहिले असले तरी ते पन्नास मृत्यू कोणत्या महिन्यात आणि कोणत्या वयात पडले हे पाहिले की रोगाचे नाव बऱ्याच प्रमाणात सांगता येते. एका गावाच्या पुस्तकावरून ते करू नये; एका सर्कलमधल्या दहा-बारा गावांची पुस्तके एकत्र लावावीत. न नोंदलेले मृत्यू सगळ्या महिन्यांत साधारण सारख्या प्रमाणात गळतात असे मानले, तरी फुगवटा जिथे आहे तिथे तो दिसतोच. साथीच्या दिवसांत तर नोंदी अधिकच गळतात, त्यामुळे पुस्तकातला फुगवटा खऱ्यापेक्षा कमी असण्याचाच संभव जास्त. ज्या गावात ऐन साथीच्या महिन्यात नोंदच नाही, आणि त्यानंतर अक्षर बदललेले आहे, तिथे लिहिणाऱ्याचे काय झाले हाही प्रश्न विचारता येतो. जन्माचे पान विसरू नये: मानमोडीनंतर १९१९ मध्ये जन्म घटले होते, आणि मृत्यूच्या नोंदी गहाळ असल्या तरी जन्मांतली ती खोक शिल्लक असू शकते. शाळेचे दाखल-खारीज इथे थोडेसेच कामाचे. निजामी अमलात शाळा मोजक्या, मुली जवळजवळ नाहीतच. तरी एखाद्या वर्षी मुलांचा एक गट नावे कमी करून गेला असेल तर त्याची तारीख कोतवाल बुकाशी ताडून पाहावी.

कागदाबाहेरच्या साधनांविषयी आपल्याकडे दोन टोकांची मते आहेत. काहींना लोकस्मृती म्हणजे सगळे काही वाटते, काहींना ती निव्वळ भाकडकथा. मराठवाड्यात गावागावाच्या शिवेवर मरीआई आहे. साथ आली की तिचा गाडा वाजतगाजत शिवेपलीकडे नेऊन सोडायची चाल होती. पोतराज आणि कडकलक्ष्मी यांचे फिरणे त्या उपासनेशी जोडलेले. पण मरीआईचे देऊळ दिसले म्हणून तिथे अमक्या साली पटकी झाली असे ठरत नाही. ती देवता जुनी आहे आणि दर साथीला तिची नवी पूजा झालेली आहे. याहून अधिक उपयोगी आहे ते गावठाण. महसुली कागदांत बेचिराख गावांची यादी असते: शीव आहे, सर्व्हे नंबर आहेत, माणूस मात्र एकही नाही. अशा गावाविषयी आसपास विचारले की उत्तर ठरलेले येते, महामारीत गाव उठले. कधी ते खरे असते. कधी गाव पाण्यामुळे उठलेले असते, कधी दरोडेखोरांमुळे, कधी जहागीरदाराच्या जाचामुळे. ते तपासता येते. १८८१ पासूनच्या गावयाद्यांत ते गाव कोणत्या दशकात शून्यावर आले हे पाहिले की प्लेगचा दावा टिकतो की नाही ते निम्मे ठरते. प्लेगमध्ये गाव सोडून रानात झोपड्या टाकून राहायची रीत सर्वत्र होती. उंदीर पडू लागले की लोक बाहेर पडत, आणि हा शहाणपणाच होता. अशा झोपड्यांच्या जागी पुढे वस्ती टिकून राहिली असेल तर वाडीच्या आणि तांड्याच्या नावाखाली ती आजही सापडेल. लातूर-उदगीर-निलंगा पट्ट्यात लिंगायत समाज मोठा आहे आणि दफनाची पद्धत असल्याने शेतातल्या समाध्या हाही एक पुरावा होऊ शकतो. नांदेड-लातूरच्या जुन्या कब्रस्तानांतले लेखयुक्त दगडही तसेच. दहनाची राख मागे काही ठेवत नाही, हे मात्र लक्षात ठेवावे, नाहीतर ज्यांनी पुरले तेच मेले असा भास होईल.

पुराव्याशिवाय गोष्ट किती पटकन गोड वाटू लागते याचे उदाहरण लातूरच्या मध्यभागीच उभे आहे. गंज गोलाईची रचना फैयाजुद्दीन या नगररचनाकाराने केली आणि मुख्य इमारत १९१७ ची. मधोमध जगदंबेचे देऊळ आणि बाजारातून चहूकडे सोळा रस्ते फुटतात. प्लेगनंतर हिंदुस्थानातल्या अनेक शहरांत दाट वस्त्या फोडून रुंद रस्ते काढले गेले. मुंबईत १८९८ मध्ये त्यासाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. मग गोलाईही प्लेगचीच देणगी, असे लिहून टाकायचा मोह कोणालाही होईल. पण व्यापारी पेठ वाढत होती, रेल्वे सहा वर्षांपूर्वी आलेली होती, आणि पेठेला गाड्या वळवायला मोकळी जागा हवी होती, एवढे कारणही पुरेसे आहे. गोलाईच्या मंजुरीच्या फायलीत हवा, घाण किंवा प्लेग यांचा उल्लेख मिळाला तर हा दावा करावा. नाही मिळाला तर वाक्य खोडावे. आपल्या स्थानिक इतिहासलेखनात असली वाक्ये खोडण्याची सवय थोडी कमी आहे.

दुसरा आक्षेप भाषेचा. एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या-नवव्या दशकात निजामी दप्तराची भाषा फारसीवरून उर्दूवर आली. खालच्या पातळीवर मोडी चालू राहिली. आज हे कोण वाचणार? २०२३ पूर्वी हा आक्षेप टाळता आला नसता. आता टाळता येतो. जातीच्या नोंदींसाठी उर्दू आणि मोडी वाचकांची फळी उभी राहिली, हजारो पाने स्कॅन झाली, अनेक जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर ती ठेवली गेली. एवढी मेहनत सरकारी खर्चाने एका कामासाठी झालेली असताना त्याच पानांवर दुसऱ्या प्रश्नासाठी डोळा फिरवायला फार मोठी तरतूद लागत नाही. नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे. नांदेड आणि लातूर दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. इतिहासाचा विद्यार्थी अक्षर वाचेल, वैद्यकाचा विद्यार्थी हंगाम आणि वय पाहून रोग ओळखेल. दोघांनी एका टेबलाशी बसायला हवे, इतकेच. मराठवाड्याच्या अभ्यासकांनी होट्टलच्या देवळांच्या आणि कंधारच्या किल्ल्याच्या मोजमापांत आणि मुक्तिसंग्रामाच्या इतिहासात फार मोलाचे काम केले आहे. देवळाच्या चौथऱ्याइतकेच लक्ष मृत्यूच्या रकान्याकडे गेले नाही, एवढाच फरक.

तिसरा आक्षेप: या जुन्या मरणांचा आज उपयोग काय? त्याला उत्तर १९९४ चे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि उस्मानाबादची गावेच्या गावे जमीनदोस्त झाली. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात उंदीर मरू लागले, पिसवांचा उपद्रव वाढला आणि महिनाअखेरीस गाठीच्या प्लेगचे संशयित रुग्ण पुढे आले. देशात प्लेगचा याआधीचा रुग्ण १९६६ चा, कर्नाटकातल्या कोलार जिल्ह्यातला. सप्टेंबरात सुरतेला फुप्फुसाच्या प्लेगने हाहाकार उडाला, विमाने थांबली, निर्यात अडली. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात संशयित रुग्ण ८७६ आणि मृत्यू ५४. मामल्याविषयी शास्त्रज्ञांनी मांडलेला एक तर्क भूकंपाशी जाऊन भिडतो: हादऱ्याच्या भीतीने लोक घराबाहेर राहू लागले, रिकाम्या घरांत धान्य पडून राहिले आणि उंदरांची चंगळ झाली, रानातल्या उंदरांत दडून राहिलेला जंतू घरच्या उंदरांपर्यंत आणि मग माणसापर्यंत आला. हा प्लेगच होता का यावरही तेव्हा वाद झाला. पुढे जनुकीय तपासणीने प्लेगचाच जंतू असल्याला दुजोरा दिला. मग असा प्रश्न उरतो की या पट्ट्यात रानउंदरांतले प्लेगचे ठाणे किती जुने आहे. त्याचे उत्तर प्रयोगशाळा एकटी देऊ शकत नाही. कोणत्या सर्कलमध्ये प्लेग पुन्हा पुन्हा परतला आणि कुठे एकदाच येऊन गेला, हे शंभर वर्षांच्या मृत्यूच्या नोंदीच सांगू शकतात. ज्याला उपयोग हवा आहे त्याच्यासाठी हा उपयोग आहे.

एक आक्षेप मात्र सहज झटकून टाकण्यासारखा नाही. कोतवाल बुकात नाव आहे, जात आहे आणि मृत्यूचे कारण आहे. अमक्या वस्तीतून पटकी पसरली, तमक्या घराण्यात महारोग होता, असले वाक्य शंभर वर्षांनीही गावात आग लावू शकते. आणि सध्या या कागदांवर जातीच्या प्रश्नाची एवढी नजर आहे की दुसऱ्या कामासाठी ते मागणाऱ्याकडेही संशयाने पाहिले जाईल. म्हणून अभ्यासकाने गावाच्या पातळीवर संख्या द्याव्यात, नावे देऊ नयेत. आणि रकाना जातीचा असला तरी प्रश्न वस्तीचा विचारावा: विहीर कोणाला खुली होती, वस्ती ओढ्याच्या खाली होती की वर, धान्याचे पेव कुठे होते. पटकी जातीने निवडून मारत नाही, पण पाणी जातीने वाटले जात होते, आणि हे न बोलता त्या आकड्यांचा अर्थ लागायचा नाही.

आपल्या डोळ्यांदेखत होऊन गेलेल्या साथींचे कागदही याच हिशेबात धरायला हवेत. १९९४ च्या दिवसांतले नांदेडचे ‘प्रजावाणी’ आणि ‘गोदातीर समाचार’, लातूरचे ‘एकमत’ यांचे अंक, भूकंपग्रस्त गावांतल्या आरोग्य पथकांची टिपणे, प्राथमिक आरोग्य केंद्रांची रजिस्टरे. २०२० च्या टाळेबंदीत हजूर साहिबला आलेले हजारो शीख यात्रेकरू नांदेडात अडकले आणि एप्रिलअखेरीस बसने पंजाबला रवाना झाले. त्यांच्या तपासण्यांचे, मुक्कामाचे आणि प्रवासाचे कागद नांदेडात झाले. ‘तेव्हा सगळे संगणकावर होते’ हे उत्तर पुरे नाही, कारण गावपातळीवरच्या याद्या, स्मशानभूमीतल्या नोंदी आणि विलगीकरण केंद्रांच्या वह्या हातानेच लिहिल्या गेल्या. महाराष्ट्रातल्या सरकारी कचेऱ्यांत अभिलेखांचे वर्ग ठरलेले आहेत: ‘अ’ कायम ठेवायचे, ‘ब’ तीस वर्षे, ‘क’ चे दोन वर्ग दहा आणि पाच वर्षे, ‘ड’ एक वर्ष, आणि त्यानंतर नष्ट करायचे. १९९४ चे ‘ब’ वर्गातले कागद या मुदतीला २०२४ मध्येच पोचले, आणि २०२० चे पाच वर्षांच्या मुदतीतले २०२५ मध्ये.